शिक्षकाच्या घरची सुतारशाळा : विजेच्या हत्यारांची निवड व मांडणी



खेड्यातील शिक्षकाला सुताराची हत्यारे परकी नाहीत. मणीचौकटीची निखळलेली काडी बसवावयाची, तराजूची दांडी करावयाची, अपूर्णांकांच्या चकत्या कापावयाच्या, फळ्याची घोडी दुरुस्त करावयाची, अशी कामे शाळेत वर्षभर निघतात. आणि त्यांपैकी बरीचशी शिक्षकाच्या घराच्या पडवीत सुटीच्या दिवशी पार पडतात. पूर्वी या पडवीत एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या आणि एक हातोडी एवढीच सामग्री असे. आता विजेवर चालणारी हत्यारे तालुक्याच्या बाजारात मिळतात, मागविल्यास घरपोचही येतात. ती घ्यावीत असा मोह होणे साहजिक आहे, आणि तो मोह अयोग्यही नाही. परंतु कोणते हत्यार आधी, कोणते नंतर व कोणते मुळीच नको, याचा विचार न करता केलेली खरेदी पैशाचे नुकसान करते, आणि कधी कधी बोटांचेही. हा विचार नीट कसा करावा, एवढाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

१. अध्यापनाचे सूत्र व हत्यारांचा क्रम

लाकूडकामाला शाळेत स्थान मिळाले ते सुतार निर्माण करण्यासाठी नव्हे. फिनलंडमध्ये युनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६ साली लोकशाळांत हस्तव्यवसाय आला. पुढे स्वीडनमधील नेस येथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांना या कामाचे पद्धतशीर शिक्षण दिले. आपल्याकडे १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने जी योजना आखली, तिच्यातील मूलोद्योगांत सुतारकामाचाही समावेश होता. या सर्वांचा हेतू एकच होता : हाताने केलेल्या कामातून नजर, माप, संयम आणि नेटकेपणा यांचे संस्कार व्हावेत.

सालोमन यांच्या पद्धतीत पहिले हत्यार चाकू असे. सोपी वस्तू झाल्यावर कठीण वस्तू आणि साधे हत्यार हाती बसल्यावर पुढचे हत्यार, हा तिचा क्रम होता. सोप्याकडून कठिणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, ही सूत्रे प्रत्येक शिक्षकाने अध्यापन पदविकेच्या वेळी अभ्यासलेली असतात. वर्गात जे सूत्र मुलासाठी, तेच पडवीत शिक्षकासाठी. विजेचे हत्यार काम जलद करते. ते काम शिकवीत नाही. ज्याला हातकरवतीने रेषेवर कापता येत नाही, त्याला विजेची करवत रेषेवर नेत नाही. रेषेबाहेर मात्र अधिक वेगाने नेते. तेव्हा गुण्या, फूटपट्टी, करवत, रंधा व पटाशी ही हाती बसल्यावाचून विजेच्या हत्याराचा विचार करू नये.

२. खरेदीपूर्वीची नोंदवही

दुकानातील फळीवर एकाशेजारी एक मांडलेली यंत्रे पाहून गरज ठरवू नये. गरज कामावरून ठरते. यासाठी एक साधी वही पुरते. तीन महिने जे जे लाकूडकाम होईल त्याची नोंद करावी : वस्तू कोणती, लाकूड कोणते, आणि कोणत्या क्रियेस सर्वांत अधिक वेळ अथवा श्रम लागले. तीन महिन्यांनी वही उघडली म्हणजे हिशेब स्पष्ट होतो. एखाद्याच्या वहीत भोके पाडणे वारंवार दिसेल, एखाद्याच्या वहीत घासकाम. जी क्रिया आठवड्यातून एकदा करावी लागते तिच्यासाठी हत्यार घ्यावे. जी वर्षातून दोनदा येते ती गावच्या सुताराकडून अथवा लाकडाच्या वखारीतून करवून घ्यावी. वखारीतील मोठ्या यंत्रावर फळी सरळ चिरून व रंधून मिळते. एवढ्यासाठी घरी यंत्र आणून त्याच्यावर धूळ बसू देणे हे काटकसरीचे लक्षण नव्हे.

आणखी एक दक्षता. ठरविलेली सगळी रक्कम यंत्रावर खर्च करू नये. चांगली पाती, ड्रिलची बिटे, निदान चार शिकंजे, डोळ्यांसाठी चष्मा, नाकातोंडासाठी पट्टी आणि वीजजोडणी यांसाठी तिच्यातील मोठा हिस्सा राखून ठेवावा. बोथट पात्याचे महाग यंत्र तीक्ष्ण पात्याच्या साध्या यंत्रापेक्षा वाईट कापते, आणि अधिक धोकादायकही असते. कारण बोथट पाते जोर मागते व जोर लावलेला हात घसरतो.

३. निवडीचा क्रम

पहिले हत्यार ड्रिल. शाळेच्या साहित्यात भोके व स्क्रू यांचे काम सर्वाधिक असते. पूर्वी सुतार सामत्याने अथवा गिरमिटाने जे करीत, ते ड्रिल करते. १० किंवा १३ मिलिमीटरची पकड असलेले, वेग कमीजास्त होणारे व उलट दिशेनेही फिरणारे ड्रिल घ्यावे. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे बॅटरीवरील ड्रिल सोयीचे ठरते. त्याला लांब तार नसल्याने अडखळण्याचे व धक्क्याचे भयही कमी असते. वापराचे नियम तीन. बिट जितके जाड तितका वेग कमी. लाकडाखाली टाकाऊ फळीचा तुकडा, म्हणजे भोक पलीकडे निघताना कड फुटत नाही. आणि काम हातात न धरता शिकंज्यात. लहान तुकडा हातात धरून भोक पाडताना बिट अडकले की तुकडाच हातासह गरगरतो.

दुसरे हत्यार जिगसॉ. शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे हिचे अरुंद पाते खालीवर होते. १९४० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये अल्बर्ट काउफमान यांना ही कल्पना शिवणयंत्रात सुईऐवजी करवतीचे पाते बसवून सुचली, असे सांगितले जाते. नकाशे, अक्षरे, घड्याळाची तबकडी, प्राण्यांच्या आकृती अशा वक्र कामांस तिच्यासारखे दुसरे साधन नाही. बहुतेक पाती वर येताना कापतात. म्हणून प्लायवुडची चांगली बाजू खाली ठेवून मागील बाजूस आखणी करावी. मात्र अशा वेळी अक्षर किंवा नकाशा उलटा आखावयास हवा, हे विसरू नये. जिगसॉचे पाते उघडेच असते, तेव्हा तीही निर्धोक नव्हे. फळीखाली बोटे जाऊ देऊ नयेत आणि पाते थांबल्याशिवाय यंत्र उचलू नये.

तिसरे हत्यार घासयंत्र, म्हणजे सँडर. मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूला एकही कुसळ असता कामा नये. १२५ मिलिमीटर चकतीचे घासयंत्र पुष्कळ श्रम वाचविते. ८०, १२० व १८० अशा चढत्या क्रमांकाचे कागद क्रमाने वापरावेत. मधला टप्पा गाळल्यास आधीच्या कागदाचे ओरखडे रंगाखालून डोकावतात. वस्तू थोड्या असतील तर मात्र हे हत्यार नसले तरी चालते. हाताने कागद घासणे हे मुलांना देण्याजोगे उत्तम काम आहे.

विजेची गोल करवत, रंधा मशीन व राऊटर यांचा क्रम यानंतर. वर्षानुवर्षे नियमित काम करणाऱ्या, हात बसलेल्या शिक्षकालाच त्यांची गरज भासते. गोल करवतीच्या बाबतीत काही गोष्टी अटळ समजाव्यात. पाते फळीच्या जाडीपेक्षा तीन ते पाच मिलिमीटरच खाली उतरेल अशी खोली ठेवावी. कापताना फट मिटून पाते आवळले जाते तेव्हा यंत्र झटक्याने मागे, कापणाऱ्याकडे, उसळते. म्हणून फळीला असा आधार द्यावा की कापलेला भाग मोकळा सुटेल, आणि शरीर कापाच्या रेषेत न ठेवता बाजूला ठेवावे. पात्यावरील संरक्षक झाकण कधीही बांधून वर अडकवू नये.

४. वेगाचा हिशेब

येथे एका प्रघाताचा स्पष्ट निषेध करणे आवश्यक आहे. लोखंड घासण्याच्या ग्राइंडरला अथवा फरशी कापण्याच्या कटरला लाकडाचे दातेरी पाते लावून फळ्या कापण्याची रीत गावोगाव दिसते. एक यंत्र आधीच घरात असते, पाते स्वस्त मिळते, मग गोल करवत कशाला, असा त्यामागील हिशेब. हा हिशेब चुकीचा कसा, हे पाचवीचा विद्यार्थीही काढील.

१८५ मिलिमीटर व्यासाच्या गोल करवतीचा परीघ सुमारे ५८ सेंटिमीटर. मिनिटाला ५,००० फेरे धरल्यास दात्याचा वेग ताशी सुमारे १७४ किलोमीटर होतो. आता ११० मिलिमीटरचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या कटरवर लावले असे धरू. त्याचा परीघ सुमारे ३४.५ सेंटिमीटर, म्हणून दात्याचा वेग ताशी जवळजवळ २५० किलोमीटर. अनेक पात्यांवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. यंत्राचे फेरे त्याहून अधिक असतील, तर पात्याचा दाता सुटून गोळीसारखा जाण्याचा संभव असतो. ग्राइंडरची रचना घासण्यासाठी असते. त्याला फळीवर सपाट टेकणारी तळपट्टी नसते, त्याचे झाकण लाकडी पात्यासाठी केलेले नसते, आणि पुष्कळदा ते काढूनच टाकलेले असते. अशा यंत्राला दातेरी पाते लाकडात अडकले की दोन्ही हातांनी धरूनही ते आवरत नाही. ज्या शिक्षकाच्या हातांनी खडू धरावयाचा आहे, त्याने ही काटकसर कदापि करू नये. पुरेशी गोल करवत घेणे शक्य नसेल, तर हातकरवतीने कापावे. वेळ अधिक लागेल; परंतु तो वेळ परत मिळतो, बोट मिळत नाही.

५. विजेचा हिशेब

प्रत्येक यंत्रावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. वॅटांना विजेच्या दाबाने, म्हणजे २३० व्होल्टने, भागले की अँपिअर मिळतात. ६०० वॅटचे ड्रिल सुमारे २.६ अँपिअर घेते. १,३०० वॅटची गोल करवत ५.६५ अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून पुष्कळ अधिक. घरातील साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणून मोठ्या यंत्रासाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व योग्य जाडीची तार वायरमनकडून बसवून घ्यावी. दिव्याच्या होल्डरमधून अथवा प्लग न लावता उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचून यंत्र चालविणे हा शुद्ध अविचार होय.

सुतारशाळेच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारे स्विच असावे. वायरमन त्यास आर. सी. सी. बी. म्हणतात, ते ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. एम. सी. बी. असल्यावर याची गरज काय, असे विचारले जाते. एम. सी. बी. तारेचे रक्षण करते. माणसाचे रक्षण हे स्विच करते. ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह आहे त्यास दुहेरी आवरण असते व अर्थिंगची तिसरी पिन नसते. इतर यंत्रांना अर्थिंग अवश्य हवे. गुंडाळीवरची वाढीव तार पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळलेली तार भाराखाली तापते. ज्या वेळी गावात विजेचा दाब उतरतो, त्या वेळी जड काम करू नये. दाब कमी असता मोटरीची शक्ती घटते, पाते अडकते व मोटर जळते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाते अथवा बिट बदलण्यापूर्वी प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा, बॅटरीचे यंत्र असल्यास बॅटरी काढावी. स्विच बंद आहे एवढ्यावर विसंबू नये. गेलेली वीज अवचित येते, तेव्हा चालू राहिलेले यंत्र आपोआप फिरू लागते; म्हणून वीज जाताच यंत्राचे स्विच बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

६. मांडणी

निवडीइतकेच महत्त्व मांडणीला आहे. पडवी लहान असो वा मोठी, कामाचे बाक हे तिचे केंद्र. उभे राहून हात सैल सोडले असता मनगट जेथे येते, साधारण तेवढी त्याची उंची ठेवावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यास उजेड डावीकडून मिळाल्यास आखलेल्या रेषेवर हाताची सावली पडत नाही. फळी पुढे सरकण्यास बाकाच्या दोन्ही टोकांस मोकळी जागा हवी. जाण्यायेण्याची वाट पाठीमागून असू नये. करवत चालू असता मागून धक्का लागणे यासारखी दुसरी आपत्ती नाही.

बाकाच्या मागील भिंतीवर एक फळी ठोकून तिच्यावर हातहत्यारे टांगावीत व प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढावी. काम संपल्यावर जी आकृती रिकामी दिसेल ते हत्यार हरवले आहे, हे शोधल्यावाचून कळते. यंत्रे मात्र टांगू नयेत. जड यंत्र कमरेच्या उंचीच्या अथवा त्याखालच्या कप्प्यात ठेवावे. प्रत्येक यंत्राचा कप्पा वेगळा असावा, आणि त्याची किल्ली, पाती व माहितीपुस्तिका त्याच कप्प्यात असावी. ड्रिलची बिटे एका ठोकळ्यात मापाप्रमाणे भोके पाडून उभी ठेवावीत व प्रत्येक भोकापाशी माप लिहावे. हा ठोकळा स्वतःच गणिताचे साधन होतो. तार यंत्राभोवती आवळून गुंडाळू नये. मोठे वळे करून सैल बांधावी, म्हणजे ती यंत्राच्या तोंडाशी तुटत नाही.

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात लोखंड लवकर गंजते. पाती व रंध्याचे पाते यांस यंत्राचे पातळ तेल पुसून ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत. बॅटऱ्या तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नयेत, आणि सुट्या खिळ्यांच्या डब्यात तर नाहीच. खिळ्याने दोन टोके जोडली गेल्यास बॅटरी पेट घेऊ शकते. अळशीचे तेल लावलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. आणि शेवटी कपाटाला कुलूप व जोडणीला मुख्य स्विच असावे, म्हणजे घरातील मुलाचा हात कुतूहलाने यंत्राकडे गेला तरी ते सुरू होणार नाही.

७. धूळ, आवाज व पेहराव

लाकडाची धूळ निरुपद्रवी असते, हा समज सोडून द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत केली. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना प्रामुख्याने असला, तरी शिसवीसारख्या लाकडाच्या धुळीने थोड्या दिवसांतही खाज अथवा शिंका सुरू होऊ शकतात. घासकाम शक्यतो उघड्यावर करावे, चांगली पट्टी नाकावर बांधावी आणि भुसा झाडून उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा.

आवाजाचाही हिशेब असतो. अमेरिकेतील नायोश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सहन करण्याजोगा मानतात, आणि दर तीन डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते, आणि गोल करवतीचा आवाज याच्या आसपास असतो. तेव्हा कानात बोळे हवेत. फिरत्या यंत्रापाशी उपरणे, ओढणी, सैल पदर, सैल बाही, बांगड्या, मोकळी वेणी यांपैकी काहीही लोंबत असू नये. हातमोजेही ड्रिलवर अथवा गोल करवतीवर घालू नयेत. मोज्याचा धागा अडकला की मागोमाग हात ओढला जातो.

८. मुले आणि गावचा सुतार

विजेची हत्यारे घरी आली म्हणजे ती शाळेत नेऊन मुलांना दाखवावीत, असे शिक्षकास वाटणे स्वाभाविक आहे. येथे मर्यादा स्पष्ट असावी. प्राथमिक शाळेच्या मुलाच्या हाती कोणतीही विजेची करवत, रंधा मशीन अथवा ग्राइंडर देऊ नये. मुलांनी माप घ्यावे, गुण्या लावून रेषा आखावी, हाताने कागद घासावा, सरस लावावा, शिक्षकाच्या नजरेखाली हाताने फिरविण्याच्या ड्रिलने भोक पाडावे. शिक्षणाचे जे मोल आहे ते याच क्रियांत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले असून त्यांत स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना मांडली आहे. ती कल्पना यंत्रापेक्षा माणसाभोवती उभी करावी.

तो माणूस गावातच असतो. बलुतेदारीच्या काळात नांगर, बैलगाडी, मोट यांची चिंता वाहणाऱ्या सुताराच्या घरात आजही लाकडाचे ज्ञान असते. सागाची फळी वाळली आहे किंवा नाही, बाभळीचा तंतू कोणत्या दिशेने रंधावा, आंब्याच्या फळीला कीड कोठून लागते, हे त्याची बोटे सांगतात. करवतीला दाते काढणे व पटाशीला धार लावणे शिक्षकाने त्याच्याकडूनच शिकावे, आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा. विजेचे हत्यार घेतले म्हणजे सुताराची गरज संपली, असे समजणाऱ्या शिक्षकाच्या घरी लवकरच जळलेली मोटर व वाकडी फळी जमा होते.

एक व्यवहार्य सूचना करून हे विवेचन संपविणे उचित होईल. प्रत्येक शिक्षकाने प्रत्येक हत्यार घेण्याची आवश्यकता नाही. एका केंद्रातील शाळांच्या शिक्षकांनी मिळून विचार केल्यास ड्रिल व शिकंजे प्रत्येकाच्या घरी, एक जिगसॉ व एक घासयंत्र दोन-तीन शाळांत मिळून, आणि गोल करवतीचे काम वखारीत अथवा जाणत्या सुताराकडे, अशी वाटणी होऊ शकते. केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी जो तो आपली नोंदवही आणील, तर कोणाला काय हवे ते अर्ध्या तासात ठरेल. त्यातून वाचलेला पैसा चांगल्या लाकडावर व चांगल्या पात्यांवर खर्च व्हावा. वर्गातील मुलाच्या हाती जी मणीचौकट जाते, तिच्यावरून हत्यार किती वॅटचे होते हे कळत नाही. काडी सरळ आहे, कड गुळगुळीत आहे आणि मणी मोकळेपणाने सरकतो, एवढेच कळते. शिक्षकाच्या सुतारशाळेची परीक्षा तेवढ्यावरच व्हावी.